बार्बाची हाक

सुहालुका, ३ नोव्हेंबर २००३

लोव्रे,

दर नाताळात तुमच्याकडून कार्ड येतं. अक्षर तुझ्या बायकोचं, एल्सिराचं, मजकूर एल्सिराचा आणि खाली तुझं नावही तिनेच घातलेलं. तरी मी ते वर्षभर काचेच्या कपाटात उभं करून ठेवते. तक्रार करत नाही. पत्ता बदललेला नाही एवढं त्यावरून कळतं.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. गावात तुझ्या बापाचा पुतळा बसवताहेत. ब्राँझचा, पूर्ण उंचीचा, धक्क्यावर. येत्या फेब्रुवारीत त्याला जाऊन पंचवीस वर्षं होतील, त्याच दिवशी अनावरण. गेल्या वर्षी शाळेत 'आमच्या गावातला सगळ्यात मोठा माणूस' असा निबंध घातला होता. एकवीस मुलांपैकी सतरा जणांनी तुझ्या बापावर लिहिला, 'बार्बा येरे', येरेकाका म्हणून. त्यातल्या एकानेही त्याला पाहिलेलं नाही. बेटावरच्या बायकांना बाजाराला आणणारा, नवऱ्या मुली आणि बकऱ्या एकाच होडीतून नेणारा, पलीकडच्यांना नावं घेऊन झोपेतून उठवणारा, असं सगळं त्यांनी आज्यांकडून ऐकून लिहिलं. निबंध घालणारी मास्तरीण म्हणजे येरका. तोन्काची मुलगी, तुझा बाप गेला त्या दिवशी जन्मलेली. आता मोठा चष्मा लावते आणि दर गुरुवारी माझ्याकडे कॉफीला येते. हे सगळं तिनेच मनावर घेतलंय.

परवा स्प्लिटहून शिल्पकार आला. ओझ्रेन नाव, दाढीत तंबाखूचे कण. फोटो मागत होता. येरे कधी फोटोसाठी स्थिर उभा राहिलाय? लग्नातला एक आणि परवान्यावरचा एक, एवढेच निघाले. मग तो म्हणाला, "काकू, लोक सांगतात, बार्बाने हाक मारली की पलीकडे बेटावरची कुत्री उठायची. हाक मारताना उभा कसा राहायचा?"

"माणसं उभी राहतात तसा."

"दाखवा ना."

म्हटलं, मला सासष्टावं चालू आहे, मी नकला करणार नाही. त्याने हसून सोडून दिलं नाही. वही उघडून बसूनच राहिला. शेवटी उठले. उजवा पंजा तोंडाशी धरला, हनुवटी वर केली, डाव्या हातात वल्ह्याच्या जागी झाडू घेतला. तो म्हणाला, तोंड उघडा. उघडलं. म्हणाला, "नुसतं उघडू नका, खरीच हाक मारा. गळ्याची शीर दिसायला हवी."

"काय म्हणू?"

"तो म्हणायचा ते."

मी ओरडले, "मासे उठले, तुम्ही कधी उठणार?" शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. ओझ्रेन खाली मान घालून चित्र काढत होता. मला मात्र तो आवाज माझा वाटला नाही, आणि नंतर बराच वेळ हात तोंडापाशीच राहिला. त्याने सांगितल्यावर खाली घेतला.

मुलगा येणार का, असं समितीने विचारलंय. मी सांगितलं, त्याचं बोटीवरचं काम, सुटी मिळत नाही. बरोबर आहे की नाही ते तूच ठरव.

आई


सुहालुका, १९ जानेवारी २००४

लोव्रे,

पुतळा आला. ट्रकमधून, ब्लँकेटांत गुंडाळून, आजारी माणसाला आणावं तसा. क्रेनने उभा केला आणि पुन्हा कापडाने झाकलाय. मी मात्र मधल्या दहा मिनिटांत पाहून घेतला. ओझ्रेनने काम चोख केलंय. टोपी, बाह्या दुमडलेल्या, छातीवर मोडलेलं बटण. तोंड उघडं आहे. आत पोकळ आहे, दात दाखवलेत आणि दातांमागे काळोख.

माझं भांडण एकाच गोष्टीवरून झालं. त्यांनी तो गावाकडे तोंड करून बसवलाय. आणि गावाकडे म्हणजे तुला कळलं असेल. धक्क्याच्या त्या टोकासमोर आपलंच घर आहे. त्याची हनुवटी वर आहे, ती थेट वरच्या मजल्यावर. तुझ्या खिडकीवर.

मी नगराध्यक्षाला म्हटलं, "व्हिन्को, तो बेटाकडे बघून हाका मारायचा. फिरवा त्याला."

"पेरिना काकू, बेटाकडे फिरवला तर उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या फोटोत बार्बाचं नुसतं ढुंगण येईल. त्याला तरी आवडेल का?"

सगळे हसले. तोही हसला असता म्हणा. मी म्हटलं, "गावाकडे तोंड करून त्याने कधी हाक मारली नाही."

तिथे मारे होती. मासेवाली, तीच, अजून धक्क्यावर बसते, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. खवलं काढता काढता म्हणाली, "मारली होती की. एकदा."

मग कुणी हसलं नाही. क्रेनवाल्याला त्यातलं काही कळलं नाही. तो विचारत राहिला, बोल्ट आवळू का. व्हिन्को म्हणाला, आवळ.

मी खोलीच्या खिडकीच्या फळ्या लावून घेतल्यात. तशी ती खोली बंदच असते. ओल येते म्हणून अधूनमधून उघडायचे, आता उन्हाळ्यापर्यंत राहू दे.

तुला एवढंच कळवायचं होतं.

आई


सुहालुका, १२ फेब्रुवारी २००४

लोव्रे,

काल अनावरण झालं. ऊन होतं, वारा नव्हता. बँड आला होता, बेटावरची उरलेली अकरा माणसं आली होती. आता तिथे तेवढीच आहेत. फादरनी पाणी शिंपडलं. येरकाने कापड ओढलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास निघाला. एक म्हातारी बेटवाली पुढे गेली आणि त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आलास का बाबा, किती वेळ थांबलेय." लोक रडले. मीही रडले. सगळे माझ्याकडे बघत होते.

मग व्हिन्कोचं भाषण. ते तुला पाठ असेल, गाव सोडण्यापूर्वी आठ महिने तू तेच ऐकत होतास. बुरा, डोंगरावरून समुद्रावर कोसळणारा वारा, तीन दिवस सुटलेला. दुपारी बेटावर मदतीसाठी पेटवलेला जाळ दिसतो. तोन्का अडली आहे, नवरा जहाजावर, घरात एकटा म्हातारा सासरा. बार्बाच्या होडीचं इंजिन नेमकं त्या आठवड्यात दुरुस्तीला. बुऱ्याविरुद्ध परत यायला दोन माणसांची वल्ही हवीत. तो घराखाली येतो आणि मुलाला हाक मारतो. तीनदा मारतो. कुणी येत नाही. मग एकटा जातो, तोन्काला आणतो, धक्क्यावरच्या हातांत देतो, होडीच्या फळीवर बसतो आणि बसल्या जागी जातो. वल्ह्यांवरून बोटं सोडवावी लागली.

व्हिन्कोने तुझं नाव घेतलं नाही. त्याच्यापरीने त्याने ती भीड राखली. पण खाली पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय: 'हाकेला कुणी आलं नाही, तेव्हा एकटा गेला.' येरका म्हणाली, मजकूर समितीने मतं घेऊन ठरवला, तिला स्वतःला ती ओळ नको होती.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, येरे चांगला माणूस होता, तुम्ही त्याची आठवण ठेवलीत. टाळ्या पडल्या. मग तळलेले गोड फ्रितुले वाटले, वाइन झाली. घरी आले तेव्हा चूल विझली होती आणि माझ्या हातात अजून तीच बशी होती.

आई


सुहालुका, ६ मार्च २००४

लोव्रे,

हे पत्र तू एकट्याने वाच. एल्सिराला मागून सांगायचं तर सांग.

सोमवारी बुरा सुटला. सकाळी आठाला मी खालच्या खोलीत भाजी निवडत होते आणि मला हाक ऐकू आली. शब्द नव्हता, नुसता सूर. खालून चढत येणारा, मध्येच तुटणारा, पुन्हा लागणारा. मी सुरी खाली ठेवली. बाहेर आले तर धक्क्यावर पाच-सात माणसं गोळा झालेली, हसत होती. पुतळा वाजत होता. तोंड उघडं, आत पोकळ, आणि डोंगरावरून येणारा वारा सरळ त्याच्या तोंडात. समुद्राकडे तोंड असतं तर वाजला नसता.

लोक खूश आहेत. वर्तमानपत्रवाला येऊन गेला. शाळेची पोरं वर्गात म्हणतात, बार्बा उठवतोय. व्हिन्को म्हणाला, "काकू, कसलं नशीब बघा. असा पुतळा अख्ख्या किनाऱ्यावर नाही."

सहा दिवस वाजतोय. कानात कापूस घातला, रेडिओ मोठा केला. तो बंद होतो तेव्हा जास्त वाईट. पुन्हा कधी मारेल याची वाट बघत बसते, तोंडात घास तसाच. काल दुपारी जिना चढून तुझ्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, लोव्रे, उठ रे, बाबा बोलावतोय. तू तिथे नाहीस हे ठाऊक असून म्हटलं.

जे तेव्हा म्हणायचं होतं ते काल म्हटलं.

आता सांगते. त्या दिवशी तू रात्रभर धक्क्यावर जाळी सांधून पहाटे आला होतास, सूप पिऊन वर जाऊन झोपलास. तीनच्या सुमाराला येरे खिडकीखाली आला. त्याने तीनदा हाक मारली हे खोटं आहे. एकदाच मारली. दुसऱ्यांदा मारायची वेळ मी येऊ दिली नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडून म्हटलं, "लोव्रे घरी नाही."

"कुठे गेला?"

"कारखान्यात. सार्डिनची पाळी आहे त्याची."

तुला माहीत आहे, माझ्या आईचे दोन मुलगे एका दुपारी एका होडीतून गेले. मी दहा वर्षांची होते. ती त्यानंतर चाळीस वर्षं समुद्राकडे पाठ करून बसायची. मी त्या खिडकीत एवढाच हिशेब केला की दोघं जाणार नाहीत. आणि शपथेवर सांगते, मला वाटलं होतं की दुसरा माणूस मिळाला नाही तर तोही जाणार नाही. शहाणा माणूस असता तर गेला नसता.

त्याने दाराकडे पाहिलं. तुझे बूट पायरीवर होते, ओले, तू काढून ठेवलेले तसे. त्याने ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. तो म्हणाला, "बरं. झोपू दे त्याला."

एवढंच. रागाने नाही म्हणाला. मग टोपी खाली ओढून गेला.

डॉक्टर म्हणाले, काळीज एवढा ताण सोसण्याच्या पलीकडे गेलं. दोघं असते तर एक वल्हवताना दुसऱ्याने दम खाल्ला असता.

संध्याकाळी लोक विचारायला लागले, पोरगा कुठे होता. मी म्हटलं, झोपला होता, हाक ऐकूच आली नाही. तेवढं बोलून सुटका होईल असं वाटलं. गावाने तेच धरलं. तू दुकानात गेलास की बोलणं थांबायचं. कुणीतरी आपल्या दाराला गजराचं घड्याळ अडकवून गेलं होतं, आठवतं? तू ते काढून खिशात घातलंस. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं. ऑक्टोबरात तू बॅग भरलीस, तेव्हाही. मी तुला वाटेत खायला अंजिरं बांधून दिली.

तू स्वतःला काय समजून इतकी वर्षं काढलीस ते मला माहीत नाही. तू काही केलं नाहीस. तू झोपलेला होतास आणि तुला उठवू दिलं नाही ते मी.

आई


सुहालुका, २८ मार्च २००४

लोव्रे,

तुझं उत्तर यायला वेळ लागणार, आलं तर. तोवर इथलं कळवते.

ते पत्र टाकल्यानंतरच्या गुरुवारी येरका आली. कॉफी ओतायच्या आधीच तिला सांगितलं. ती ऐकत राहिली, चष्मा काढून पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या वाढदिवसाला तुम्ही दर वर्षी केक पाठवता तो..."

"केक केकच आहे, पोरी."

"आईला सांगू?"

"मीच सांगते."

तोन्का आता जाड झालीय, पायाने अधू आहे. मी तिच्या दारात उभ्यानेच सांगितलं. ती म्हणाली, "त्या होडीत तो माझ्याशी बोलत होता, पेरिना. सगळी वाट. दम लागत नव्हता तेव्हा बोलायचा. मी विचारलं, लोव्रे का नाही आला. म्हणाला, त्याला मीच नको म्हटलं." मग तिने दार लावून घेतलं. हळूच लावलं.

हे मला माहीत नव्हतं. तुझ्या बापाने जाता जाताही माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं, आणि तोन्काने ते पंचवीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी तिला विचारलंच नाही.

रविवारी मिस्सा सुटल्यावर मी पुतळ्यापाशी थांबले. लोक तिथे कोंडाळं करतातच. मी मोठ्याने सांगितलं. भाषण नव्हतं, चार वाक्यं होती. म्हटलं, ती पाटी काढा, हाकेला उत्तर मिळालं होतं, ते मी दिलं होतं आणि खोटं दिलं होतं. व्हिन्को माझा दंड धरून म्हणाला, "काकू, कशाला उकरून काढताय, चला, घरी सोडतो." मी म्हटलं, माझं घर समोरच आहे, व्हिन्को.

आता बेकरीतली बाई पाव ठेवते आणि तोंड फिरवते. काहींनी बोलणं टाकलं. पण पाटी काढली. चार भोकं दिसतात तिथे. येरका पुढच्या गुरुवारी आली नाही. त्याच्या पुढच्या आली, कॉफी प्यायली, भांडी घासून गेली. 

बुरा थांबलाय. तरी मी ऐकते.

आई


पुंता अरेनास, चिली, २४ एप्रिल २००४

आई,

तुझी पाचही पत्रं पोचली. पहिली तीन मी उघडली नव्हती. एल्सिराने उघडून समोर ठेवली.

माझं अक्षर बिघडलंय. आपल्या भाषेत लिहायची सवय राहिली नाही.

तू लिहिलंस की मी झोपलेला होतो. आई, मी जागा होतो.

बाबाच्या पावलांनीच जाग आली. तो पायरीवर चढताना डावा पाय घासायचा. हाक आली तेव्हा मी एक पाय पलंगाखाली टाकला होता. मग खाली तुझी खिडकी उघडली आणि तू म्हणालीस, घरी नाही. मी तसाच बसलो. त्याने विचारलं, कुठे गेला. तू म्हणालीस, कारखान्यात. मला फक्त खिडकी उघडून 'आलो' म्हणायचं होतं. आमचं अंतर आठ हात होतं.

आदल्या आठवड्यात आम्ही दोघं बुऱ्यात सापडलो होतो, ते त्याने तुला सांगितलं नव्हतं. होडी दोनदा भरली. मी तळाशी बसून रडलो, एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याने मला रागावलं नाही, पाणी उपसायला डबा दिला. त्यानंतर होडीत पाय टाकायचा म्हटलं की मी काहीतरी कारण काढायचो. म्हणून तू खोटं बोललीस तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं. मी पाय वर घेतला आणि पांघरूण ओढलं. 'झोपू दे त्याला' हे मी पांघरुणातून ऐकलं.

मी गावाच्या बोलण्याने गेलो नाही. गजराच्या घड्याळाने गेलो नाही. तू रोज मला बशीत वाढायचीस, माझ्याकडे बघायची नाहीस, आणि मला वाटायचं, हिला माहीत आहे. मी ऐकलं हे हिला माहीत आहे आणि तरी ही मला वाढतेय. ते मला सोसवेना.

इथे मी पंचवीस वर्षं बोटींवर इंजिनाच्या खोलीत काम केलं. वर डेकवर कमी येतो. लोकांना वाटतं, मला थंडी सोसत नाही.

पाटी पुन्हा लावणार असाल तर समितीला सांग, मुलगा जागा होता असं लिहा.

जूनमध्ये सुटी मागितली आहे.

लोव्रे


सुहालुका, २७ जून २००४

प्रिय एल्सिरा,

तुला पहिल्यांदाच वेगळं पत्र लिहितेय. तुझ्या आजोबांनी तुला आपली भाषा शिकवली याचं फार बरं वाटतं, नाहीतर मी हे कुणाला लिहिलं असतं. तू त्याला पाठवलंस. तो स्वतःहून निघाला नसता हे मला ठाऊक आहे.

तो दहा तारखेला बसमधून उतरला. मी ओळखलं नाही. टक्कल पडलेला, जाड मिशांचा माणूस बॅग घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि मी त्याला वाट दिली. तो म्हणाला, "आई, मी आहे." त्याला चव्वेचाळीस पुरी झालीत. त्याचा बाप त्रेचाळीसचा असताना गेला. पुतळा आता त्याच्यापेक्षा लहान आहे, आणि हे त्याला पाहिल्याशिवाय माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आम्ही फार बोललो नाही. पत्रांत बोलून झालं होतं. त्याने छपराची कौलं नीट केली, तुझे फोटो दाखवले. वरच्या खोलीत झोपला, पण फळ्या उघडल्या नाहीत. धक्क्यावर जायचं झालं की मागच्या गल्लीने फिरून जायचा.  एकदा मी विचारलं, "पुतळा फिरवायला सांगू का पुन्हा?" तो म्हणाला, "नको. बघतोय तर बघू दे."

बावीस तारखेला, मंगळवारी, सकाळी तो म्हणाला, मासे आणतो. मी म्हटलं, मीही येते. या वेळी तो पुढच्या रस्त्याने निघाला. पुतळ्यासमोर आला, थांबला. मी मागे दोन पावलं होते.  काय मनात होतं ते मला सांगितलं नाही, तुला सांगेल.

मग आम्ही मारेच्या फळीपाशी गेलो. मासे विकणाऱ्या सहा-सात बायका तिथे ओळीने बसतात. मारे सगळ्यांत म्हातारी. त्याला पाहिल्याबरोबर म्हणाली, "आलास का? आई म्हणते तू झोपला होतास. चांगली पंचवीस वर्षं झोप काढलीस."

बाजूच्या बायका हसायच्या बेतात होत्या. मी पुढे होणार तोच लोव्रे म्हणाला, "झोपलो नव्हतो, मारे काकू. जागा होतो."

"म्हणजे?"

"हाक ऐकली होती. घाबरलो होतो. म्हणून गेलो नाही."

तो हे साध्या आवाजात बोलला, माशाचं नाव सांगावं तसं. मारेच्या हातात सुरी होती, ती तशीच राहिली. मला वाटलं, आता काहीतरी असं बोलेल की हा परत कधी या गावात पाय ठेवणार नाही.

ती म्हणाली, "माझे तिघेही घरात होते."

लोव्रेला कळलं नाही. मलाही कळलं नाही.

"माझे तिघेही मुलगे त्या दुपारी घरात होते. थोरला पत्ते खेळत होता. तुझ्या बापाची हाक बेटावरच्या कुत्र्यांना ऐकू जायची, लोव्रे. ती काय तुझ्या एकट्याच्या खिडकीला ऐकू गेली असेल? थोरला उठला, मी त्याला दारातून मागे ओढला. म्हटलं, त्याच्या स्वतःच्या पोराला जाऊ दे की. मग खिडकीत उभे राहून सगळे बघत बसलो, तो जाताना आणि येताना. तासभर. होडी धक्क्याला लागल्यावर धावलो."

तिने एवढं बोलून ओळीतल्या बाकीच्या बायकांकडे पाहिलं. त्यांत क्लारा होती, तिचा नवरा तेव्हा गावातला सगळ्यात ताकदीचा वल्हेवाला. मांदा होती, तिच्या घरात भाऊ होते. मी एकेकीकडे बघत गेले. त्या माश्या हाकलत होत्या, बर्फ सारखा करत होत्या. एकीनेही म्हटलं नाही की मारे, खोटं बोलतेस.

लोव्रे खाली बसला, तिथेच, ओल्या दगडावर. क्लाराने आपली पिंपाची खुर्ची पुढे सरकवली, पण तो उठला नाही. मारे सुरी पुसत होती, पुसतच होती.

बुधवारी मारेचा थोरला आमच्याकडे आला. आता साठीला टेकलाय. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. लोव्रेने त्याला आत घेतलं, दोघांनी मागच्या अंगणात बसून वाइन संपवली. काय बोलले ते ऐकायला मी गेले नाही. गुरुवारी येरका आली तेव्हा ती, लोव्रे आणि मारेचा थोरला अशी तिघं मिळून बेटावर जाऊन आली. लोव्रे होडीत बसताना पांढराफटक पडला होता, असं ती म्हणाली. पण बसला.

उद्या तो निघतोय. दोन तारखेपर्यंत तुमच्याकडे पोचेल. तो आपणहून सांगणार नाही, तू विचार. विचारलंस तर आता बोलतो.

पेरिना